पंखा मींड घेतो: ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यातलं एका लॅपटॉपचं प्रकरण

"तुझा लॅपटॉप माझा गंधार खातोय," आत्या फोनवर म्हणाली. मे २०२५, शनिवारची रात्र, तिचा क्लास नुकताच संपला होता. सिस्टीम ॲडमिनच्या नोकरीत तक्रारी ऐकायची मला सवय आहे, पण लोक बहुतेक "हँग होतंय" एवढंच सांगतात. स्वराचं नाव घेऊन आलेली ही पहिलीच तक्रार, म्हणून ती जशीच्या तशी वहीत लिहून ठेवली. सोडवायला साडेतीन आठवडे लागले. त्यातले पहिले दहा दिवस मी वाया घालवले, तेही इथे सांगतो.

आत्या ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात, जनकगंजच्या बाजूला राहते आणि गाणं शिकवते. भातखंड्यांच्या मदतीनं माधवराव शिंद्यांनी १९१८ साली काढलेल्या माधव संगीत महाविद्यालयात तिचं शिक्षण झालं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ती ऑनलाइन शिकवायला लागली आणि तिथेच रमली. सकाळी साडेसहाला पुण्याच्या दोघी असतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीची तीन मुलं, तिकडे तेव्हा सकाळचे दहा. या दोन वेळा लक्षात ठेवा, पुढे लागतील.

लॅपटॉप माझाच जुना: २०१७ सालचा थिंकपॅड टी४७०, आत आय५-७२००यू, दोन कोअर, १५ वॅटच्या वर्गातला प्रोसेसर. विंडोज ११ ही पिढी घेत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे आधीच जाहीर झालं होतं. म्हणून २०२४ च्या दिवाळीत मी विंडोजऐवजी त्यावर लिनक्स मिंट २२ घातलं. हिवाळाभर एक शब्द नाही. होळी उलटली, लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटली आणि पंखा बोलायला लागला.

आधी गंधाराचं

तानपुरा नीट लागला असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'च्या, तारेतून गंधार ('ग') आपोआप ऐकू येतो. तो कोणी छेडत नाही, षड्जाच्या ('सा'च्या) पोटातून निघतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. अर्थातच तो फार नाजूक असतो. लॅपटॉपचा माइक पडद्याच्या चौकटीत, पंखा त्याच्यापासून वीतभर लांब. पंख्याची घरघर वाढली की सगळ्यात आधी हाच गंधार बुडतो. आत्याची तक्रार शब्दशः खरी होती.

मी काय केलं? मीटिंगच्या ॲपमध्ये गेलो, नॉइज सप्रेशन बंद दिसलं, ते चालू केलं आणि झालं म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन: "आता तानपुराच ऐकू येत नाही म्हणतात पोरं. दोन सेकंद येतो, मग गुडूप." यात नवल काहीच नव्हतं. जो आवाज न बदलता एकसारखा चालू राहतो तो गोंगाट समजायचा आणि बोलणं तेवढं पुढे जाऊ द्यायचं, हे त्या सोयीचं कामच आहे. पंखा एकसारखा वाजतो, तानपुराही एकसारखाच वाजतो. यंत्रानं दोघांना एकाच माळेत ओवलं. पुण्याच्या एका शिष्येनं वर्षभरापूर्वीच ती सोय बंद करून ठेवली होती आणि मी शहाणपणानं ती परत चालू केली.

म्हणजे आवाज नंतर गाळून चालणार नव्हतं. तो निघायलाच नको होता.

माझी चूक

थिंकपॅडचा पंखा चालवतो तो मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर, म्हणजे एक छोटी वेगळी चिप. लिनक्समध्ये त्याच्याशी बोलणारा ड्रायव्हर आहे, थिंकपॅड-एसीपीआय. प्रॉकच्या खाली एसीपीआय, त्याच्या खाली आयबीएम नावाचं फोल्डर आणि त्यात फॅन नावाची फाइल. आयबीएमनं थिंकपॅडचा धंदा २००५ साली लेनोवोला दिला, फोल्डरवरची पाटी मात्र अजून जुनीच आहे. आमच्या लष्करासारखंच. दौलतराव शिंद्यांची इथली लष्करी छावणी उठून दोनशे वर्षं झाली, नाव काही उठलं नाही.

या फाइलमध्ये लेव्हल लिहिता येते: शून्य म्हणजे बंद, एक ते सात चढत्या पायऱ्या, ऑटो म्हणजे पुन्हा कंट्रोलरच्या हवाली. पण ड्रायव्हर लोड करताना फॅन-कंट्रोलचा पर्याय एक केल्याशिवाय ही फाइल नुसती वाचता येते, लिहिता येत नाही. कुलूप मुद्दाम घातलेलं आहे. मी ते उघडलं आणि थिंकफॅन नावाचा डीमन, म्हणजे मागे सतत चालू राहणारा प्रोग्राम, बसवला. तो दर काही सेकंदांनी तापमान वाचतो आणि आपण दिलेल्या तक्त्याप्रमाणे लेव्हल बदलतो.

तक्ता मी घाईघाईत लिहिला. ७० अंशांपर्यंत लेव्हल २, ७१ ला लेव्हल ५, आणि परत ७० ला आला की लेव्हल २. कागदावर किती सुटसुटीत! पण प्रोसेसरची चकती नखाएवढी, तिच्यात उष्णता साठायला जागाच नाही. एक टॅब उघडला की सेकंदाभरात आठ-दहा अंश वर, मिटला की तितकंच खाली. रविवारच्या क्लासमध्ये पंखा दर सात-आठ सेकंदांनी चढत होता नि उतरत होता. न्यू जर्सीच्या धाकट्यानं विचारलं, "आजी, मागे कोण मींड घेतंय?" (मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं.) आत्यानं हे मला हसत सांगितलं, पण ते हसू मला फारसं आवडलं नाही.

इथे जरा थांबतो, कारण पंखा हाताळणारे बहुतेक जण इथेच ठेचकाळतात. चढायचा आकडा आणि उतरायचा आकडा एकमेकांना चिकटवायचा नसतो. मध्ये ऐसपैस जागा लागते: ७४ ला चढ, पण ६४ च्या खाली येईपर्यंत उतरू नकोस. थिंकफॅनच्या तक्त्यात प्रत्येक लेव्हलला खालचा आणि वरचा असे दोन आकडे असतात ते याचसाठी. शेजारच्या दोन पायऱ्यांच्या हद्दी एकमेकींवर चढल्या पाहिजेत, कौलांसारख्या. कौलं नुसती कडेला कडा लावून ठेवली तर फटीतून पाणी येणारच. आणखी एक गोष्ट, कानाला एकसुरी आवाज तितका टोचत नाही, बदलणारा टोचतो. थोडा मोठा पण स्थिर पंखा हा लहान पण खालीवर करणाऱ्या पंख्यापेक्षा कधीही बरा.

तक्ता सुधारला, मींड थांबली. मग हाव सुटली. आवाज आणखी कमी करावा म्हणून क्लासच्या वेळी लेव्हल ३ च्या वर जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. त्या शनिवारी तापमान ९७ ला टेकलं. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. तिथे पोचायच्या आसपास तो स्वतःच आपला वेग उतरवतो (याला थ्रॉटल म्हणतात), म्हणजे जळत नाही, पण रखडतो. चित्र अडखळलं आणि तान मध्येच तुटली. प्रत्येक कोअरच्या नावानं थ्रॉटल किती वेळा झालं त्याचा आकडा लिनक्स एका फाइलमध्ये ठेवतो. चालू केल्यापासून तो शून्य असायला हवा होता, मला चारशेच्या वर दिसला. आवाज वाचवायला गेलो आणि गाणंच घालवलं.

दरम्यान एक दिवस थिंकफॅन उठलाच नाही. तापमानाच्या सेन्सरचा पत्ता मी एचडब्ल्यूमॉन ४ असा, लिनक्सनं त्याला दिलेल्या आकड्यानं दिला होता आणि रीस्टार्टनंतर तोच सेन्सर एचडब्ल्यूमॉन ५ झाला. आकड्याऐवजी कोअरटेम्प या नावानं पत्ता द्यायचा असतो. असो. त्या दिवशी पंखा आपसूक ऑटोवर राहिला आणि आत्या म्हणाली, "आज बरं होतं." मी पंख्याच्या मागे लागणं सोडलं ते या वाक्यामुळे.

खोलीचं तापमान वजा करा

पुढच्या आठवड्यात मी काहीच दुरुस्त केलं नाही, फक्त मोजलं. दर दहा सेकंदांनी वेळ, प्रोसेसरचं तापमान, पंख्याचे मिनिटाचे फेरे आणि टर्बोस्टॅट नावाचा प्रोग्राम सांगतो ते प्रोसेसरचे वॅट, एवढं एका फाइलमध्ये जात राहील अशी चार ओळींची स्क्रिप्ट. आणि भिंतीवर पाऱ्याचं साधं थर्मामीटर. आत्याला सांगितलं, क्लास सुरू करताना त्यातला आकडा कॅलेंडरवर लिही.

सकाळच्या क्लासला: खोली २९, प्रोसेसर ६१, पंखा ३,१००, वीज ८ वॅट. संध्याकाळी: खोली ३९, प्रोसेसर ८६, पंखा ४,३००, वीज साडेअकरा वॅट.

खोली संध्याकाळी ३९ का? कारण कूलर. ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, दिवसभर कूलर गडगडत असतो. पण त्याचा आवाज माइकमध्ये येतो, म्हणून साडेसातच्या क्लासआधी आत्या तो बंद करते. एक आवाज थांबवला की खोली तापते, खोली तापली की दुसरा आवाज सुरू होतो. लॅपटॉपचा पंखा हवा थंड करत नाही, खोलीतलीच हवा आत ओढून बाहेर टाकतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळजवळ तितकाच वर बसणार, त्यात मशीनचा दोष नाही.

म्हणून आधी खोली वजा केली. सकाळी उरले ३२, संध्याकाळी ४७. नुसत्या उन्हाळ्याचा प्रश्न असता तर दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. हे वरचे पंधरा अंश कुठून आले?

उरलेल्या अंशांना वॅटनं भागलं. सकाळी वॅटमागे ४ अंश, संध्याकाळीही ४ च्या जरा वर. पहिल्यांदा वाटलं, चला, मशीन तसंच आहे, संध्याकाळी नुसती वीज जास्त खातंय. पण संध्याकाळी पंखा ४,३०० वर होता. पंखा इतका जोरात फिरतोय तर वॅटमागे अंश कमी व्हायला हवेत. ते होत नाहीत म्हणजे पंखा फिरतोय पण हवा मिळत नाही. दोन वेगळे चोर होते आणि दोघंही संध्याकाळीच येत होते.

मी शनिवारी क्लासच्या वेळी जाऊन मागे गुपचूप बसलो. सकाळी आत्या देवघराच्या खोलीत असते, लॅपटॉप चौरंगावर. संध्याकाळी ती बैठकीत बसते, गादीवर, आणि लॅपटॉपही समोर गादीवरच. या मॉडेलला हवा खालच्या जाळीतून लागते. पांढऱ्या शुभ्र खोळीत ती जाळी रुतून बसली होती. हा पहिला चोर.

दुसरा पडद्यावर दिसला. आत्याच्या मागची भिंत धूसर होती. बैठकीतून काका येत-जात असतात, दोरीवर कपडे असतात, म्हणून कुणीतरी तिला बॅकग्राउंड ब्लर शिकवला होता. माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते हे प्रत्येक चित्रात, सेकंदाला पंचवीस-तीस वेळा, शोधत राहायचं. दोन कोअरच्या मशीनला ही हमाली आहे. सकाळी देवघरात मागे नुसती भिंत, म्हणून ब्लर बंद.

दुरुस्ती, जिला दुरुस्ती म्हणायला लाज वाटते

लॅपटॉपखाली जेवायचा पाट आला. पाटावर दोन लाकडी पट्ट्या, म्हणजे खाली बोटभर हवा खेळते. तेवढ्यानं संध्याकाळचे ४७ उतरून ४१ झाले. मग ब्लर बंद केला आणि मागे दोरीवर आत्याची एक जुनी चंदेरी टांगली. आमच्याकडे चंदेरीला तोटा नाही. वीज साडेअकरावरून आठावर आली, फरक ३२ वर. तीन हजार तीनशे फेऱ्यांवर पंखा निवला.

आता लॅपटॉप उघडायचा होता. महाराज बाडा चौकाकडच्या एका दुकानात मार्चमध्ये त्याची सर्व्हिसिंग झाली होती, म्हणजे बाहेरून जाळीत ब्लोअर मारून दिला होता. असा ब्लोअर मारताना पंखा मोकळा सोडला तर तो भलत्या वेगानं फिरून बेअरिंगची वाट लागू शकते, आणि धूळ बाहेर न येता आतच दाबली जाते. बायोसमधून (मशीनच्या मूळ सेटिंगमधून) आतली बॅटरी बंद केली, मागची काढली, खालचं झाकण सोडवलं. पंख्याची पाती वरवर स्वच्छ होती. पंखा आणि तांब्याच्या पाकळ्या यांच्या मधल्या फटीत चिमटा घातला तर एक पट्टी सलग निघाली: राखाडी, नमद्यासारखी घट्ट, अंगठ्याच्या नखाएवढी जाड. उजेडात धरली तर तिच्यात बारीक तांबूस काड्या. कूलरमध्ये लावतात त्या खसाच्या (वाळ्याच्या). कूलर त्या भिजत्या पडद्यातून हवेत सोडतो, लॅपटॉप त्या ओढतो आणि ओलसर धुळीत त्यांचा काला होतो. उष्णता बाहेर जायचा रस्ता अर्धाअधिक या पट्टीनं बुजवला होता. आत्याला दाखवली तर म्हणाली, "अय्या, हे तर दिव्याची वात वळायला होईल."

हीटसिंक (प्रोसेसरवरची, उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) सोडवून दोघांमधली जुनी पेस्ट पुसली, खडूसारखी वाळली होती. नवी लावली, मसुराच्या दाण्याएवढी. स्क्रू पुन्हा बसवताना एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी, असं करायचं नाही. आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे, नाहीतर हीटसिंक एका कडेवर तिरकी बसते. यानंतर त्याच ३९ अंशांच्या खोलीत फरक २५ आला, तोही पंखा आणखी हळू फिरत असताना.

शेवटी टर्बो. हा प्रोसेसर मूळ अडीच गीगाहर्ट्झचा, गरज पडली की ३.१ वर जातो. वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून शेवटचे पाचसहाशे मेगाहर्ट्झ फार महाग पडतात, वेग वाढतो थोडा, उष्णता वाढते पुष्कळ. इंटेलच्या पी-स्टेट ड्रायव्हरमध्ये नो-टर्बो नावाची फाइल आहे, तिच्यात एक लिहिलं की टर्बो बंद. रीस्टार्टनंतरही टिकावं म्हणून मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या, सिस्टमडीच्या टीएमपीफाइल्समध्ये एक ओळ घातली. व्हिडिओ कॉलला अडीच गीगाहर्ट्झ पुरतात, आत्याला काही जाणवलं नाही. वीज साडेसहा वॅटवर आली. लोक मशीन बदलायला निघतात, पण हा एक आकडा बदलून पाहत नाहीत, याचं मला आश्चर्य वाटतं.

पंखा पुन्हा हातात, पण तेवढ्यापुरता

थिंकफॅन मी काढून टाकला. उष्णताच कमी झाल्यावर कंट्रोलरचं ऑटो पुरेसं होतं. एकच गोष्ट राहिली: ऑटोवरही पंखा क्लासभरात दोन-तीनदा पायरी बदलायचा आणि आत्याच्या कानाला ते कळायचं. तिला शांतता नको होती. तिला स्थिरपणा हवा होता.

मग एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. क्लास सुरू करताना ती पंखा लेव्हल ३ वर नेऊन ठेवते आणि दर तीस सेकंदांनी तोच हुकूम पुन्हा देते. पुन्हा का, तर ड्रायव्हरमध्ये वॉचडॉग आहे. त्याला जास्तीत जास्त १२० सेकंदांची मुदत देता येते, तेवढ्या वेळात नवा हुकूम आला नाही तर तो पंखा आपणहून ऑटोवर सोडतो. स्क्रिप्ट मध्येच मेली तरी पंखा अडकून राहत नाही. तापमान ८० च्या वर गेलं तर स्क्रिप्ट स्वतःच ऑटो करून बाजूला होते. वॉचडॉगशिवाय पंख्याची लेव्हल बांधून ठेवणारे धाडसी लोक मला भेटलेत. मी तसं दुसऱ्याच्या मशीनवर करणार नाही, आणि आत्याच्या तर नाहीच.

डेस्कटॉपवर तानपुऱ्याचं चित्र लावलेला आयकॉन ठेवला. तो दाबला की पंखा साधारण २,९०० फेऱ्यांवर स्थिरावतो. आत्या आधी तो दाबते आणि मगच तारा लावायला घेते. जूनच्या पहिल्या रविवारी, खोली ३९, प्रोसेसर ६१, थ्रॉटलचा आकडा शून्य. धाकट्यानं त्या दिवशी आपणहून सांगितलं की खर्जात गंधार ऐकू येतोय. आत्या म्हणाली, त्याला अजून ऐकू येत नसणार, मला खूश करायला म्हणतो.

लॉगची स्क्रिप्ट मी काढायची विसरलो, ती अजून चालूच आहे. जुलैत पहिला झोडपणारा पाऊस झाला त्या शनिवारची नोंद: खोली ३०, प्रोसेसर ५४, पंखा ऑटोवर, २,६०० च्या आसपास. म्हणजे आत्या आयकॉन दाबायला विसरली होती. विचारलं तर म्हणाली, "अरे, पावसाच्या आवाजात कुठे कळतंय काही. मल्हार शिकवला."